वृद्धाश्रमातल्या माणसाचा वाली कोण?

मोहोळच्या स्टँडवर सोलापूरची एसटी धरायची, वाटेत एका फाट्यावर उतरायचे आणि वेड्या बाभळीच्या कडेकडेने थोडे चालले की एका वृद्धाश्रमाचे लोखंडी फाटक लागते. आश्रमाचे नाव इथे सांगत नाही. त्याची गरजही नाही. आत चाळीस-पंचेचाळीस म्हातारी माणसे राहतात. त्यांतली बरीच शेतकऱ्यांच्या घरची. वृद्धाश्रम म्हणजे पुण्या-मुंबईकडचे खूळ, असे आपण अजूनही म्हणतो. पण पोरे चाकणला कामाला, सुना नातवंडे तिकडेच, वस्तीवर कुलूप आणि म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही, अशी घरे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. कोणी कोणाला घराबाहेर काढलेच पाहिजे असे नाही. कधी कधी खरोखरच दुसरी सोय नसते.

माझ्या गावच्या एक आक्का तिथे आहेत. त्यांच्या दोन्ही मुलांना मी शाळेत शिकवले, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एक चक्कर टाकतो. पहिल्या खेपेला विचारले, "आक्का, काही अडचण?" तर म्हणाल्या, "अडचन कसली गुरुजी? समदं बेस हाय." दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला इकडेतिकडे बघून हळूच बोलल्या, "भाकरी मिळत न्हाई."

रोज गव्हाची चपाती. ती गार झाली की चामड्यासारखी होते, आणि आक्कांच्या तोंडात दात उरलेले चार. मालदांडी ३५-१ ही ज्वारी १९३०च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडली गेली, आणि त्याच मोहोळच्या बाईला म्हातारपणी भाकरीचा तुकडा मिळू नये! मी म्हणालो, "एवढंच ना? व्यवस्थापकांना सांगतो." तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नगं गुरुजी. उद्या हिला घिऊन जावा म्हनले, तर कुटं जाऊ म्या?"

सगळा प्रश्न या वाक्यात आला. ज्याच्या हातचे दोन्ही वेळा खायचे, त्याच्याविरुद्ध तोंड कसे उघडायचे? घरी म्हातारा माणूस रागावतो, ताट सरकवतो, शेजारी जाऊन गाऱ्हाणे सांगतो. आश्रमात तो शेजार नसतो. व्यवस्थापकाला सांगावे तर त्याच्याबद्दलच सांगायचे असते, मुलाला सांगावे तर तो म्हणतो, "आई, जुळवून घे." अशा वेळी ना आश्रमाचा, ना वारसांचा, असा तिसरा माणूस लागतो, जो फक्त त्या म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने उभा राहील.

परदेशात या तिसऱ्या माणसाची रीतसर सोय आहे. अमेरिकेत १९७२ साली काही राज्यांत तिचा प्रयोग झाला आणि १९७८ मध्ये कायद्याने ती प्रत्येक राज्याला बंधनकारक केली. तिथे या माणसाला ऑम्बुड्समन म्हणतात. आपल्या शब्दांत सांगायचे तर रहिवाशांचा कैवारी. प्रमुख माणूस पगारी असतो, पण त्याच्या हाताखाली कितीतरी साधी माणसे स्वयंसेवक म्हणून काम करतात. त्यांना आधी शिकवून तयार केले जाते. त्यांनी आश्रमात वरचेवर जायचे, खाटेजवळ बसायचे, ऐकायचे. आश्रमात ज्याचा पैसा गुंतला आहे किंवा जो तिथे नोकरीला आहे, त्याला हे काम देत नाहीत. आणि मला सर्वांत मोलाची वाटली ती अट अशी, की रहिवाशाने होकार दिल्याशिवाय त्याचे नाव किंवा त्याची तक्रार बाहेर फोडायची नाही. आक्कांनी माझा हात धरला, तेव्हा त्यांना नेमके हेच हवे होते.

आपल्याकडे असा एकच अधिकारी नाही. पण कायद्यात जागा आहेत, आणि त्या बहुतेकांना ठाऊक नाहीत.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ साली झाला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे आणि राज्याने आपले नियम २०१० मध्ये केले. साठ वर्षे पूर्ण झालेला माणूस ज्येष्ठ; आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात, या सर्वांवर निर्वाहाची जबाबदारी आहे. लेक दिल्या घरची म्हणून ती सुटली असे हा कायदा मानत नाही. मूलबाळ नसेल तर ज्याच्याकडे इस्टेट आहे किंवा पुढे येणार आहे, त्या नातेवाइकावर ती येते. अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. नाव जड आहे, पण तिथे प्रांतसाहेब किंवा त्यांच्या दर्जाचे अधिकारी बसतात. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी तीस दिवस. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवता येतो. त्यावर अपील जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा कायदा करणाऱ्यांनीही तसेच काही मनात धरले असावे, कारण सतराव्या कलमात त्यांनी वकिलांनाच बाजूला ठेवले. (पुढे काही उच्च न्यायालयांनी वकिलांना मुभा दिली, ती गोष्ट वेगळी.) मग म्हाताऱ्या माणसाची बाजू मांडायची कोणी? अठराव्या कलमात निर्वाह अधिकारी नेमला आहे: जिल्हा समाजकल्याण अधिकारी, किंवा त्यांच्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. आई-वडिलांची इच्छा असेल तर न्यायाधिकरणापुढे त्यांच्या वतीने उभे राहणे हे त्याचे काम आहे; उपकार नव्हे. इच्छा मात्र बोलून दाखवावी लागते. "मला निर्वाह अधिकारी हवा" हे वाक्य अर्जातच लिहावे.

शिवाय ज्याला स्वतः अर्ज करणे झेपत नाही, तो दुसऱ्या कोणालाही किंवा नोंदणी झालेल्या संस्थेला लेखी अधिकार देऊ शकतो. तुम्हाला, मला, गावातल्या शिक्षिकेला, कोणालाही. कोणीच पुढे आले नाही, तर न्यायाधिकरण आपण होऊनही प्रकरण हाती घेऊ शकते.

एवढी माहिती झाल्यावर मला फार हुरूप आला. आणि तिथेच माझी चूक झाली.

त्याचे असे झाले. मी आश्रमात बसलो असताना आक्कांचा थोरला मुलगा आला. हा गावी शेती करतो. त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता. आईला म्हणाला, "उद्या गाडी घिऊन येतो. मोहोळला रजिस्टर हापिसात नुसता अंगठा द्यायचाय. कर्जाचं काम हाय." आक्कांनी कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि माझ्यापुढे धरला. "गुरुजी, वाचा वो जरा."

मी मोठ्याने वाचला. ते कुलमुखत्यारपत्र होते. मालक वारल्यावर सातबाऱ्यावर मुलांबरोबर, लेकीबरोबर आक्कांचेही नाव लागले होते. त्यांच्या वाट्याच्या जमिनीचे सर्व व्यवहार करण्याचा, विक्रीसह, अधिकार थोरल्याला मिळणार होता. मुलाचा चेहरा उतरला. तो वाईट पोरगा नाही. डाळिंबाची बाग मर रोगाने गेली, डोक्यावर कर्ज, धाकटा हात झटकून चाकणला. पण कागद तो कागदच.

आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जमीन तुमचीच हाय रं. म्या काय वर घिऊन जानार हाय व्हय? पर म्या हाय तवर नाव ऱ्हाऊ दे." तो काही न बोलता उठून गेला.

मी मात्र पेटलो होतो. आठवड्याच्या आत प्रांतांकडे द्यायचा अर्ज लिहून काढला. दोन्ही मुलांविरुद्ध, निर्वाहखर्च दहा हजार, कागदाची हकीकत सविस्तर. तो घेऊन आश्रमात गेलो, शाईचा पॅड काढला आणि म्हणालो, "आक्का, इथं अंगठा द्या." आक्कांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमी बी कागूदच आनला व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांना काय हवे हे मी विचारलेच नव्हते. मला जे न्याय्य वाटले ते मी लिहून आणले होते. पोराने तरी तेच केले होते ना!

म्हणून कैवाऱ्याच्या लायकीबद्दल लिहिताना मी कायद्याच्या ज्ञानापासून सुरुवात करीत नाही. पहिली लायकी ही, की त्या माणसाच्या जमिनीत, पैशात, खोलीत आपला काडीचाही वाटा नसावा. पुतण्या, भाचा, आश्रमाचा देणगीदार, जमिनीचा लगतदार यांनी कितीही चांगल्या मनाने हे काम घेतले, तरी त्यांच्याकडे ते नसावे. दुसरी लायकी म्हणजे तोंड बंद ठेवता येणे. आपल्याकडे पारावर सकाळी बोललेले दुपारी वस्तीवर पोचते, हे सांगायला नको. आणि तिसरी, जी माझ्यात नव्हती, ती विचारण्याची: तुम्हाला काय हवे? किती हवे? कुठपर्यंत जायचे आणि कुठे थांबायचे? त्यांनी थांब म्हटले की थांबायचे, आपल्याला ते पटो न पटो.

सरकारी नियमांतही लायकी लिहिली आहे. अर्जाची सुनावणी होण्याआधी न्यायाधिकरण प्रकरण सामोपचार अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. त्याने महिन्याभरात दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचे. हा मनुष्य कोणाची बाजू घेणारा नसतो, मध्यस्थ असतो, आणि तो बाहेरचाही असू शकतो. केंद्राने राज्यांना दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे तो वृद्धांच्या किंवा दुर्बळांच्या कल्याणाचे, शिक्षणाचे, आरोग्याचे, ग्रामविकासाचे काम करणाऱ्या संस्थेत निदान दोन वर्षे निष्कलंक काम केलेला व तिचा ज्येष्ठ पदाधिकारी असावा, आणि त्याला कायद्याची चांगली जाण असावी. संस्था नसली तरी सार्वजनिक कामाचा स्वच्छ लौकिक असलेला मनुष्य चालतो. अशा लोकांची यादी वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला, जाहीर करायची असते. आपल्या प्रांत कार्यालयात ती लागली आहे का, हे मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या वाचकाने जाऊन विचारावे. विचारणारा कोणी नसला की याद्या फायलीतच राहतात.

याहून खालच्या पायरीवर विधी स्वयंसेवक आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली ही योजना आणली. शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, निवृत्त माणसे यांतून निवड होते. शक्यतो मॅट्रिक झालेला आणि समजूतदार असावा एवढीच अपेक्षा. प्रशिक्षण मिळते, ओळखपत्र मिळते. २०१६ साली प्राधिकरणाने ज्येष्ठांसाठी वेगळी योजना केली, तिच्यात वृद्धाश्रमांतल्या माणसांपर्यंत पोचण्याचे काम या स्वयंसेवकांकडे दिले आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे चौकशी करावी. १५१०० हा तिचा फोन. बायकांना मोफत विधी साहाय्य मिळायला उत्पन्नाची अट नाही, हेही लक्षात ठेवावे. ज्येष्ठांसाठी वेगळा फोन १४५६७ आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ते फार साधे असते, म्हणूनच ते कोणी करत नाही. आक्कांच्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात. पासबुक आश्रमाच्या कपाटात. हरवू नये म्हणून ठेवले, असे व्यवस्थापक म्हणाले, आणि ते खोटे नसावे. पण पैसे किती आले, किती काढले, हे त्या बाईंना दीड वर्ष ठाऊक नव्हते. पासबुक ज्याचे त्याला वाचून दाखवायचे, हे कैवाऱ्याचे काम. चष्मा फुटला तर तो केव्हा आणणार हे विचारायचे. गोळ्या सकाळी दिल्या की दिल्याची नुसती खूण केली, हे पाहायचे. पायाला सूज असेल, अंगावर जखम असेल, तर कशाने झाली हे त्या माणसाला एकट्याला गाठून विचारायचे. मारहाण, कोंडून ठेवणे असे काही दिसले तर मात्र पोलीस ठाणे किंवा १४५६७, दिरंगाई नाही. आणि दर खेपेला तारीख घालून वहीत चार ओळी लिहायच्या, कारण म्हातारी माणसे विसरतात आणि व्यवस्थापक त्याहून लवकर विसरतात.

ज्याला भानच राहिलेले नाही, त्याचे काम सर्वांत अवघड. तिथे "काय हवे" याला उत्तर येत नाही. मग तो माणूस शहाणा असताना काय म्हणत असे, हे जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, बहिणीकडून काढावे लागते. ज्याला वाटणी मिळायची आहे त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

जमिनीच्या कागदाबद्दल एक गोष्ट प्रत्येक शेतकरी घराने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने जमीन किंवा घर दिले आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. पण अट कुठे आहे, हा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका प्रकरणात अशी अट होती हे दाखवावे लागेल असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या प्रकरणात हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तो उदार मनाने वाचावा असे सांगून आईने दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. न्यायालये काय म्हणतील ते म्हणोत. आपण कागदातच लिहावे की हा मुलगा मला अन्न, औषध, निवारा देईल, न दिल्यास हा कागद रद्द. प्रेमाने देतो आहोत म्हणून अट घालायची लाज वाटू देऊ नये. मुलगा प्रेमाने घेत असेल तर त्यालाही वाटणार नाही.

आक्कांची गोष्ट अर्धी राहिली. माझा अर्ज मी त्यांच्यासमोर फाडला. पुढे सात-आठ महिने काहीच झाले नाही. मी जात होतो, बसत होतो, वहीत लिहीत होतो. मग त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे येईनासे झाले आणि एक दिवस त्या आपण होऊन म्हणाल्या, "लिवा आता. पर म्या सांगते तसंच लिवा." त्यांनी सांगितले ते असे: दोन्ही पोरांनी मिळून महिन्याला तीन हजार माझ्या खात्यावर टाकावे, लेकीकडे मागू नये. म्या जित्ती हाय तवर सातबाऱ्याला हात लावू नये. नागनाथाच्या यात्रेला मला घरी न्यावे. पोरांना पोलिसात देऊ नये. मी शब्दाला शब्द तसे लिहिले. दहा हजार मागता येतात हे पुन्हा एकदा सांगितले, कारण हक्क किती आहे हे सांगणे माझे कर्तव्य. त्या म्हणाल्या, "त्याच्याकडं न्हाईत तेवढं. म्या बगितलंय त्याचं घर."

प्रकरण सामोपचारावर गेले. तिथे दोघे भाऊ किती तरी वर्षांनी एका बाकावर बसले. आधी एकमेकांनाच बोलले. धाकटा म्हणाला, पिकाचा पैसा थोरला खातो. थोरला म्हणाला, आईचे दुखणे मी काढले. अधिकाऱ्यांनी दोघांना बोलू दिले, मग आक्कांचे चार मुद्दे वाचले. तीन हजारांत दोघांचे निम्मे-निम्मे ठरले. थोरल्याने सही करताना मान वर केली नाही. बाहेर आल्यावर मात्र त्याने आईला हात धरून पायऱ्या उतरवल्या.

पैसे येतात. मध्ये दोन महिने धाकट्याचे थकले होते, तेव्हा मी आक्कांना विचारून त्याला फोन केला. यात्रेला त्या घरी जाऊन आल्या, चार दिवस राहिल्या. पुन्हा आश्रमात आल्यावर विचारले, "घरीच राहावंसं वाटलं नाही का?" तर म्हणाल्या, "सुनंला माझं लई करावं लागतं. हितं बायका हायेत बोलायला."

भाकरीचेही झाले. आक्कांचे नाव न घेता मी व्यवस्थापकांना म्हणालो, की आश्रमात किती जणांना दात नाहीत ते एकदा मोजून पाहा. त्यांनी मोजले. आता बुधवारी आणि शनिवारी ज्वारीची भाकरी होते. मागच्या खेपेला मी हे आक्कांना मोठ्या अभिमानाने ऐकवले, तर त्या म्हणाल्या, "व्हय, करत्यात. पर स्वयंपाकीनबाई कर्नाटकातली हाय, लई पातळ थापती."

व्यवस्थापकांना सांगू का, असे विचारले. त्या विचार करून पुढच्या खेपेला सांगणार आहेत.